जुना फोर-बाय-फोर कॅम्पर ट्रक: नाशिकमधून लडाखला नेण्याआधीची तयारी

जुना फोर-बाय-फोर ट्रक घ्यायचा, मागे झोपण्या-रांधण्यापुरती खोली बांधायची आणि हिमालयात न्यायचा असं ठरलं की पहिला प्रश्न हमखास इंजिनचा निघतो. गाडी चढेल का? निरोगी इंजिन असेल तर चढते, हळू चढते एवढंच. खरी परीक्षा खिंड ओलांडल्यावर उतारावर असते आणि तिचा निकाल गाडीचं वजन आणि ब्रेक यांच्या हातात असतो. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. पैसे कमी पडत असतील तर सोलर, फ्रिज, छत्री पुढच्या वर्षी घ्या. ब्रेक, टायर आणि चासी (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा) मात्र पहिल्याच फेरीत पक्के करा.

१. आधी वजनाचा कागद करा, मग ट्रक शोधा

वहीत दोन रकाने आखा: वस्तू आणि किलो. टाटा ४०७ च्या मापाच्या गाडीवर दोन माणसांचं घर साधारण असं भरतं:

- खोली, आतल्या फर्निचरसह: ७०० ते ९०० किलो
- पाणी १०० लिटर: १०० किलो
- डिझेल १२० लिटर: सुमारे १०० किलो
- बॅटऱ्या, सोलर, वायरिंग: ८० किलो
- दोन स्टेपनी: ११० किलो
- हत्यारं, जॅक, सुटे भाग: ६० किलो
- माणसं: १५० किलो
- भांडी, अंथरूण, शिधा, कपडे: १५० किलो

बेरीज दीड टनाच्या आसपास जाते. कागदावर न लिहिलेल्या गोष्टी नंतर आणखी दोनशे किलो घालतात, हे धरूनच चला. आरसीवर गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन लिहिलेलं असतं. घर, पाणी, डिझेल, माणसं सगळं धरून त्याच्या ८० टक्क्यांच्या आत राहायचं. हा कायद्याचा आकडा नाही. पण जुने पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), ब्रेकचे जुने ड्रम आणि पाच हजार मीटरची उंची एकत्र आली की एवढी सवलत गाडीला द्यावीच लागते.

पहिल्यांदाच करणाऱ्याने ४०७ च्या मापाचा फोर-बाय-फोर घ्यावा, असं स्पष्ट मत आहे. त्याचं इंजिन, क्लच प्लेट, ब्रेकचं सामान देशात कुठेही मिळतं आणि उघडायला येणारा मिस्त्रीही मिळतो. फक्त पुढच्या हौसिंगचे (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या पेटीचे) आणि ट्रान्स्फर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) भाग दुर्मीळ असतात, ते आधी जमवून ठेवावे लागतात. अशोक लेलँडचा स्टॅलियन दणकट आहे, पण श्रीनगर-लेह वाटेवरच्या झोजिला खिंडीच्या अरुंद वळणावर समोरून टँकरांची रांग आली की त्याची रुंदी नवख्याला जड जाते. जबलपूरला बनलेला शक्तिमान देखणा दिसतो. उत्पादन बंद होऊन फार वर्षं झाली, सुटे भाग भंगारातूनच शोधावे लागतात. तो हौसेने जपण्याची गाडी आहे, पहिल्या हिमालयाची नव्हे.

परवान्याचंही इथेच बघून घ्या. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना चालतो. त्यापुढे जड वाहनाचा लागतो.

२. ट्रक बघायला जाताना

सकाळी लवकर जा आणि इंजिन सुरू करून ठेवू नका, असं आदल्या दिवशी मालकाला सांगा. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड स्टार्टची परीक्षा झालीच नाही, दुसऱ्या दिवशी परत या.

- इंजिन सुरू असताना ऑइल भरायचं झाकण काढून उलटं ठेवा. झाकण उडायला लागलं, धूर जोरात फेकला जात असेल, तर रिंग-लायनर संपत आलेत.
- निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत थोडा वेळ पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.
- चासीच्या दोन्ही पट्ट्या टॉर्च घेऊन आतून बघा. पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे आणि केबिनच्या मागच्या टोकाशी तडा किंवा वेल्डिंगची पट्टी दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. नवा रंग फक्त चासीलाच मारलेला असेल तर तो खरवडून बघा.
- पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा. खेळ असेल तर किंगपिन किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडचे एंड.
- हौसिंग आणि ट्रान्स्फर केसचं थोडं ऑइल काढून बोटांत चोळा. चकाकी बारीक पावडरीसारखी असेल तर झीज. कण हाताला टोचले तर गिअर फुटतोय.
- फोर-बाय-फोर मातीच्या मैदानावर टाकून बघा, लो गिअरसकट. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर अडकलेला असतो, आणि मालक "चालू आहे, फक्त जाम आहे" म्हणतो. त्या दुरुस्तीची रक्कम किमतीतून वजा करा.

चासी नंबर कागदावर पेन्सिलने घासून उतरवून घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. हे काम दलालावर सोपवू नका.

३. कागदपत्रं: पैसे देण्याआधी

गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून कर, विमा, फिटनेस, बोजा आणि थकलेली चलनं बघा. जुन्या ट्रकवर फेडून टाकलेल्या कर्जाचा बोजा अनेकदा तसाच राहिलेला असतो. फॉर्म ३५ आणि वित्त कंपनीचं पत्र मिळाल्याशिवाय तो उतरत नाही.

लागणारे कागद:

- मूळ आरसी, विमा, पीयूसी, कराची पावती
- नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०
- दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी; परराज्यातली असेल तर नवा क्रमांक घेण्यासाठी फॉर्म २७ सुद्धा
- खाजगी गाडीची पंधरा वर्षं भरत आली असतील तर नूतनीकरणाचा फॉर्म २५. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं, त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो.
- १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट

लष्कराच्या लिलावातली गाडी हा वेगळा विषय आहे. तिला आरसी नसते. नोंदणी करताना लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं फॉर्म २१ चं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. लिलावात घेणाऱ्याकडून ती दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाते तेव्हा हाच कागद गायब झालेला असतो, आणि त्याच्याशिवाय गाडी शेतात उभी करण्याच्याच कामाची. इतर सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद आहे, त्या वाटेला जाऊ नका.

आता सर्वात दुर्लक्षित मुद्दा. मालवाहू ट्रकवर खोली बसवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तो बदल ठरतो आणि त्याला नोंदणी अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. विनामंजुरी बदलाला कलम १८२ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्राच्या यादीत बिगर-परिवहन वाहनांत आहे, त्यामुळे दार बंद नाही. क्रम मात्र पाळा: खोलीचा मापांसह नकाशा काढा, नाशिक आरटीओच्या (एमएच-१५) पेठ रस्त्यावरच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, उत्तर लेखी घ्या आणि मगच बॉडीवाल्याला उचल द्या. "सगळे असंच करतात" हे फॅब्रिकेटरचं वाक्य अपघातानंतर विमा कंपनीपुढे उपयोगी पडत नाही. बदल मंजूर झाला की विमा कंपनीलाही तो लेखी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या.

४. चासीवर खोली बसवणं

इथे सर्वाधिक पैसा वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर.

ट्रकची शिडीसारखी चासी पिळली जाते आणि ती तशीच बनवलेली असते. पुढचं डावं चाक दगडावर चढलं आणि मागचं उजवं त्याच वेळी वर आलं की चासीची दोन टोकं विरुद्ध दिशांना फिरतात. वरची खोली मात्र पेटी असते, ती पिळत नाही. दोन्ही यू-बोल्टने चारही कोपऱ्यांत घट्ट आवळल्या तर काहीतरी एक तुटणारच: आधी दाराची चौकट तिरकी होते, मग कोपऱ्यांचे सांधे उघडतात, पाणी आत येतं आणि शेवटी चासीला तडा जातो. मालवाहू हौदा बसवायची सवय असलेला फॅब्रिकेटर चारही कोपरे आवळूनच देतो, कारण हौदा स्वतः थोडा पिळतो. त्याला हे समोर उभं राहून समजावा.

दोन पद्धती चालतात. पहिली तीन बिंदूंची: मागे दोन पक्के आधार आणि पुढे मध्यभागी एक फिरता आधार. पिळाच्या बाबतीत हीच उत्तम, पण त्या एका बिंदूवर येणारा भार पेलायला खोलीखालची सबफ्रेम भक्कम लागते आणि काम अचूक लागतं. दुसरी स्प्रिंगची: खोलीखालची सबफ्रेम मागच्या हौसिंगच्या आसपास चासीला पक्की बांधायची आणि पुढच्या भागात चार ब्रॅकेटमध्ये लांब बोल्ट व दाबाच्या स्प्रिंग घालायच्या, म्हणजे चासी खाली गेली तर खोली तिच्यापासून थोडी उचलली जाते. नाशिकमध्ये कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये ही जमते, आणि पहिल्या गाडीला हीच करावी. सबफ्रेम आजूबाजूला सरकू नये म्हणून पोलादी पट्टीचे गाईड लावायला विसरू नका.

काही नियम चासीसाठी:

- चासीच्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या पाळीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही नाही. भोक लागलंच तर उभ्या भागात, आणि शक्यतो कंपनीने पाडलेलीच भोकं वापरा.
- वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटर सोडवा.
- केबिन आणि खोलीत बोटभर नव्हे, हातभर अंतर ठेवा. दोन्ही वेगवेगळे हलतात.
- मागचा लोंबता भाग दोन हौसिंगमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपुढे जाता कामा नये, हा नियमच आहे. घाटात खोलगट भागातून वर येताना शेपूट घासू नये म्हणून त्याहूनही कमी ठेवा.

भिंतींसाठी ४० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) घ्या. द्राक्षांच्या निर्यातीमुळे शीतगृहाची आणि थंड कंटेनरची कामं करणारे कारागीर आपल्या जिल्ह्यात आहेत, पॅनेल कसं जोडायचं आणि सांधा कसा भरायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही. पातळ पत्र्याचं असं पॅनेल चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास भरतं. तीन मीटर लांब, १.९ मीटर रुंद व तेवढ्याच उंच खोलीला सगळ्या बाजू मिळून सुमारे ३० चौरस मीटर लागतात, म्हणजे ३०० किलो. पुढचं वजन सुताराच्या हातून वाढतं. घरच्या किचनसारखी १८ मिमी प्लायची कपाटं करू देऊ नका. १२ मिमी पुरतं, दारांना ९ मिमी.

पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या खोलीच्या तळाशी, दोन हौसिंगच्या मध्ये. टपावर फक्त सोलर. स्टेपनी टपावर चढवली की प्रत्येक आडव्या उतारावर गाडी कलताना जाणवते.

काम झालं की टाक्या भरा, सामान भरा, माणसं बसवा आणि वजनकाट्यावर न्या. तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. पावत्या जपून ठेवा, टायरची हवा त्यावरच ठरवायची आहे.

५. ब्रेक

४०७ च्या मापाच्या गाडीत ब्रेक ऑइलचे असतात आणि पायाला मदत करतो तो व्हॅक्युम बूस्टर. या बूस्टरची ताकद बाहेरच्या हवेच्या दाबातून येते. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या थोडा वर उरतो, म्हणजे बूस्टरची मदतही तेवढीच उरते. नाशिकमध्ये हलक्या पायाने लागणारा ब्रेक मनाली-लेह वाटेवरच्या टंगलंगला खिंडीच्या उतारावर दगडासारखा लागतो. ब्रेक बिघडला असं वाटून माणूस घाबरतो. तो बिघडलेला नसतो, पाय जास्त दाबावा लागतो. मात्र बूस्टरचा डायफ्राम किंवा अल्टरनेटरमागचा व्हॅक्युम पंप आधीच थकलेला असेल तर उरलेली मदतही जाते. म्हणून परीक्षा इथेच करा: इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारा, पेडल कडक होईल. ते दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर पंप, पाइप, बूस्टर या क्रमाने तपासा.

निघण्याआधी करायचं काम:

- सगळे रबरी होज नवे. बाहेरून चांगले दिसणारे जुने होज आतून फुगतात आणि ब्रेक सुटत नाही.
- व्हील सिलिंडरांचे किट, मास्टर सिलिंडरचं किट
- चारही चाकांचे ब्रेक लायनर एकाच वेळी, एकाच कंपनीचे. ड्रमला कडा पडल्या असतील तर टर्निंग
- ब्रेक ऑइल पूर्ण बदलणे. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि तापलेल्या ड्रमजवळ त्या पाण्याची वाफ झाली की पेडल जमिनीला लागतं.
- हँडब्रेक भरलेल्या गाडीला चढावर धरतो का, ते बघणे

मोठ्या ट्रकला हवेचे ब्रेक असतील तर विरळ हवेत टाकी भरायला जास्त वेळ लागतो, सुरू केल्याबरोबर निघू नका. टाक्यांतलं पाणी रोज संध्याकाळी काढा. ते रात्री गोठलं तर सकाळी व्हॉल्व्ह अडकतो.

६. इंजिन, रेडिएटर, डिझेल

टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास आहे. पाच हजारांच्या खिंडीत गाडी निम्म्याच्या थोड्या वर ताकदीने चढते, हे गृहीत धरून गिअर निवडायचे.

इथला मोठा सापळा फ्युएल पंपाचा आहे. पिकअप कमी वाटतो म्हणून पंपाचं डिझेल वाढवून देणारे मिस्त्री सगळीकडे आहेत. उंचीवर हवा कमी आणि डिझेल तेवढंच, त्यामुळे काळा धूर, तापलेलं इंजिन आणि काजळी. पंप मूळ मापावरच ठेवा, सील करून घ्या. सातपूरच्या मायकोमुळे, म्हणजे आताच्या बॉशमुळे, नोझल आणि पंपाची जाण असलेले कारागीर या शहरात आहेत. नोझलचा दाब आणि फवारा यंत्रावर तपासून घेणं हे नाशिककराला सहज जमणारं काम आहे, ते चुकवू नका.

रेडिएटर बाहेर काढून साफ करा, होज आणि झाकण नवं लावा. झाकण क्षुल्लक वाटतं. पाच हजार मीटरवर उघडं पाणी ८३-८४ अंशांनाच उकळतं. झाकणाचा दाब टिकला तरच ते शंभराच्या वर जातं. कूलंट निम्मं-निम्मं मिसळा, ते उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते उघडून बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत आहे. त्याच्याविना थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि डिझेल जास्त खातं.

डिझेलमध्ये थंडीत मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. भारतीय मानकात फिल्टर तुंबायला लागण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंशांपर्यंत चालते, हिवाळी डिझेलला ६ अंश. म्हणून मैदानातलं डिझेल टाकीत भरून वर नेऊ नका. काश्मीर किंवा मनालीला टाकी रिकामी होत आलेली असावी आणि तिथे भरावी. टाकीखाली जाळ करून डिझेल पातळ करणारे ड्रायव्हर दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. गाडीचं तोंड पूर्वेला करून लावली तर सकाळचं ऊन इंजिनवर येतं.

मनालीच्या बाजूने तांदीचा पंप सोडला की पुढचा ३६५ किमीवर, अशी तिथे पाटीच आहे. पहाडात लिटरला पाच किमी धरा: ७३ लिटर, वर तिसरा हिस्सा राखीव. सोबत दोन डिझेल फिल्टर ठेवा.

७. टायर आणि फोर-बाय-फोर

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सात वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी नको.

उंचीवर हवा "वाढते" म्हणून वाटेत हवा सोडायला सांगणारे भेटतात. हिशेब असा: नाशिकहून पाच हजार मीटरवर गेल्यावर बाहेरचा दाब घटल्याने गेज सुमारे सहा पौंड जास्त दाखवतं. त्याच वेळी तिसावरून शून्य अंशांवर आल्याने साठ पौंडांच्या टायरमधले सातेक पौंड उतरतात. दोन्ही जवळपास फिटतात. सकाळी थंड टायरवर स्वतःच्या गेजने मोजा, आणि गरज दिसली तरच हात लावा.

लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना समोर कधीही उभं राहू नका. रिंग सुटली तर जीव घेते. चाक गाडीखाली किंवा साखळीत ठेवून, लांब पाइप लावून भरा.

फोर-बाय-फोर कोरड्या डांबरावर नको. वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, तो फरक चाक घसरूनच निघतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग ताण गिअर आणि जॉइंट क्रॉसवर जातो. चिखल किंवा बर्फ लागण्याआधीच टाका, रुतल्यावर नव्हे.

८. आतलं घर

सिलिंडरची पेटी बाहेरून उघडणारी, आतून हवाबंद आणि तळाला भोक असलेली हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, खालूनच वाहतो. थंडीत गॅसचा दाब पडतो, शेगडी मंदावते. प्रेशर कुकर हवाच, नाहीतर डाळ शिजत नाही.

झोपताना शेगडी, कोळसा, हीटर काहीही पेटतं ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि एक झरोका कायम उघडा ठेवा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज होऊ देऊ नका, ती कायमची खराब होते. बॅटरी खोलीच्या आत ठेवली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

९. नाशिकच्या घाटांत परीक्षा

भरलेल्या गाडीने नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट मे महिन्यात दुपारी चढा. रेडिएटर तिथे टिकला तर टिकला. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक न धरता किती अंतर येता येतं ते बघा. खाली आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच ड्रम वेगळा तापला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. नवरात्र आणि चैत्रातल्या यात्रेचे दिवस सोडा. नंतर पेठ रस्त्यावरचा सावळघाट रात्री एकदा करा, दिवे आणि वायपर कळतात. परत आल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट आणि खोलीचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवं काम पहिल्या दोनशे किमीत हमखास ढिलं होतं.

१०. जाताना श्रीनगर, येताना मनाली

कारवाले मनालीहून चढतात. हळू ट्रकला ते सोयीचं नाही, कारण जिस्पा ते लेह एका दिवसात होत नाही आणि मुक्काम सर्चूला, ४,२९० मीटरवर पडतो. मनाली दोन हजारांवर आहे. शरीराला तयारीच मिळत नाही. श्रीनगरच्या वाटेने सोनमर्ग आणि कारगिल सत्तावीसशेच्या आसपास आहेत, लेह पस्तीसशेवर, मधली फोतुला खिंड ४,१०८ मीटर. चढ सावकाश येतो. तीन हजारांवर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकं दुखणं, उलटी, तोल जाणं दिसलं तर खाली उतरा, "सकाळी बघू" नको.

दिल्ली आणि राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आहेत, आदेश अधूनमधून बदलतात, आणि हरियाणाचे बरेच जिल्हे त्या क्षेत्रात मोडतात. धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, सीकर, हनुमानगढ, भटिंडा, पठाणकोट, जम्मू ही वाट त्याला वळसा घालते. निघाल्या दिवशीच चांदवडपुढचा राहूड घाट आणि मग सेंधव्याचा बिजासन घाट लागतो, दोन्हीकडे अवजड वाहतूक भरपूर असते.

झोजिलावर जड वाहनांच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात, सोनमर्गला वाहतूक पोलिसांकडे विचारा. परराज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी पडतात. जुन्या गाडीला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ बरा.

११. घाटात हाकताना

- ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. गिअर उताराच्या तोंडाशीच पाडा, मध्ये नाही.
- डिझेल वाचवायला न्यूट्रल किंवा इंजिन बंद करू नका. बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातं.
- ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा.
- लायनरचा जळका वास आला तर थांबा, चाकाला ठोकळा लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.
- नाले सकाळी ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. आधी काठी घेऊन चालत बघा.
- रात्री दरडीखाली किंवा कोरड्या नाल्याच्या पात्रात गाडी लावू नका.

१२. सोबतचा डबा

फॅन बेल्ट दोन, रेडिएटरचे होज, दोन ट्यूब व फ्लॅप, सेंटर बोल्ट व मुख्य पाटा, यू-बोल्ट, जॉइंट क्रॉस, क्लच प्लेट, व्हील सिलिंडरांची किट, एक लिटर ब्रेक ऑइल, पाच लिटर इंजिन ऑइल, नोझलचा एक पाइप, फ्यूज आणि बल्ब, १० टनांचा जॅक व त्याखाली ठेवायला जाड फळी, लांब टॉमी, ठोकळे चार, टो करायला दोर, फावडं, अग्निशामक दोन. चाकाचा पाना आपल्या नटाला बसतो का ते घरासमोरच, स्वतःच्या हाताने एक चाक काढून बघा.